दुरुस्त करणारे गेले, फॉरवर्ड करणारे आले. आमचं लिहायचं राहूनच गेलं

(पोस्ट मोठी आहे. घाई असेल तर पुढं जा, राग नाही. पण वाचायला घेतली तर शेवटपर्यंत वाचा, अन् मग भांडा.)

गेल्या आठवड्यात दुकानात एक मामा आले. कंधारला तहसीलच्या आसपास टायपिंगची, झेरॉक्सची जी दुकानं आहेत त्यातलं एक माझं. मामांनी फोन पुढं केला अन् म्हणाले, "सर, ह्याच्यातला एक मेसेज काढून द्या. बियाण्याचा हाय. लई कामाचा हाय."

मेसेज २०२० च्या जूनमधला होता. आठवतंय ना ते साल? मराठवाड्यात कित्येकांचं सोयाबीन उगवलंच नव्हतं. तक्रारी झाल्या, पंचनामे झाले, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. त्या दिवसांत मामांच्या गावच्या ग्रुपवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं नातवाकडून लांबलचक मेसेज लिहून घेतला होता. घरचं बियाणं कसं राखायचं त्याचा. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतंय, म्हणून मशीनचे फेरे कमी ठेवा, नाहीतर दाणा वरून चांगला दिसतोय अन् आतून मेलेला असतोय. पोती आपटू नका, थप्पी उंच लावू नका. पेरायच्या आधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे मांडून गुंडाळा, आठवड्यानं उघडून मोजा. सत्तरच्या वर उगवले तर बियाणं, खाली उगवले तर त्याच्या भरवशावर राहू नका. शिवाय त्यांच्या शिवारात कोणत्या रानातलं, कोणत्या वाणाचं किती उगवलं तेही गट नंबरासकट लिहिलं होतं.

तो म्हातारा आता नाही. नातवाचा फोन बदलला. मामांचे दोन फोन बदलले. ग्रुप निवडणुकीत फुटला, त्याचे दोन झाले. मी 'सोयाबीन' टाकून शोधलं. कंपन्यांच्या जाहिराती निघाल्या, भावाच्या अफवा निघाल्या, कुठल्या तरी बाबाचा हवामान अंदाज निघाला. तो मेसेज निघाला नाही.

मामा उठले अन् म्हणाले, "जाऊ द्या सर. आमचं लिवलेलं कुठं टिकतंय."

हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून ही पोस्ट.

माझं म्हणणं सरळ आहे. माणूस कसा लिहितो हे त्याच्या शिक्षणावर जेवढं ठरतं, त्याहून जास्त तो ज्या जागेवर लिहितो त्या जागेवर ठरतं. गेल्या तीस वर्षांत मराठी माणसाला ऑनलाइन लिहायच्या दोन तऱ्हेच्या जागा मिळाल्या. पहिल्या जागेनं आमची भाषा दुरुस्त करता करता आम्हाला गप्प बसवलं. दुसऱ्या जागेनं आयतं पुढं ढकलायला शिकवलं. दोन्हीकडं मन्याड खोऱ्यातला माणूस स्वतःच्या तोंडानं लिहिता झाला नाही. यात आपलीही चूक आहे, ती पुढं सांगतो. आधी दुसऱ्यांचं बघू.

भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. त्यानंतर जेमतेम वर्षभरात, १९९६ च्या गणेश चतुर्थीला, परदेशातल्या मराठी माणसांच्या पुढाकारानं 'मायबोली' सुरू झालं. नंतर २००४ ला 'मनोगत', २००७ ला 'उपक्रम' अन् 'मिसळपाव', २०११ ला 'ऐसी अक्षरे'. फेसबुकनं गावागावात पाय पसरायच्या आधी हीच मराठीची सोशल नेटवर्कं होती. छोटी, घरगुती, बहुतेक स्वतःच्या खिशातून चालवलेली. मी त्यांचा जुना वाचक. आमच्या दुकानात ब्रॉडबँड आलं तेव्हापासून, गिऱ्हाईक नसलं की हेच वाचायचो. त्यामुळं कोण कसं लिहितं हे मला तोंडपाठ आहे.

मायबोली म्हणजे अंगण. पाककृती, बाळाची नावं, परदेशात पुरणाला डाळ कोणती घ्यायची, गणपतीत स्पर्धा. लिहिण्यात एक मऊपणा. कुणी पहिल्यांदा लिहिलं की चार जण कौतुक करणार, दोघं सूचना करणार. फक्त अंगण कुणाचं हे कळायला वेळ लागत नाही. ज्याची आत्या कोथरूडला अन् बहीण न्यू जर्सीला, त्याला तिथं लगेच बसायला पाट मिळायचा.

मनोगत म्हणजे शाळा. तिथं चक्क शुद्धिचिकित्सक होता. लिहिलेलं तपासून चुका दाखवायचा. त्या काळात मराठीसाठी एवढं यंत्र उभं करणं साधी गोष्ट नाही, टोपी काढली पाहिजे. तिथली माणसं 'सर्व्हर'ला अन् 'लिंक'लासुद्धा मराठी शब्द शोधायची.

मिसळपाव म्हणजे कट्टा. टवाळी, टोपणनावं, एकमेकांचे पाय ओढणं, अन् मधेच एखादं किल्ल्याचं किंवा प्रवासाचं असं वर्णन की छापलेल्या पुस्तकात मिळणार नाही. लघुरूपांची तर त्यांनी वेगळी भाषाच केली. व्यनि म्हणजे व्यक्तिगत निरोप, खफ म्हणजे खरडफळा, पुभाप्र म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत, हहपुवा म्हणजे हसून हसून पुरेवाट. एकाच माणसानं दुसऱ्या नावानं खातं काढलं की तो डुआयडी.

उपक्रमवर पुरावा मागायचे. तुम्ही म्हणालात "आमच्या आजोबांनी पाहिलंय" की पाच मिनिटात प्रश्न, "आजोबांखेरीज आधार काय?" ऐसी अक्षरेवर तर प्रतिसादांना श्रेणी. मार्मिक, रोचक, खवचट, निरर्थक. माणूस बोलायच्या आधीच विचार करणार, आपल्याला कोणता शेरा मिळणार.

आता खरं बोलायचं तर या जागांचे तीन गुण होते, ते आज कुठंच नाहीत. एक, लिहिणाऱ्याला माहीत असायचं की समोरचा वाचून उत्तर देणार आहे, म्हणून लोक जपून लिहायचे. दोन, लिहिलेलं टिकायचं अन् सापडायचं. दहा वर्षांपूर्वीचा लेखही नाव टाकलं की समोर, खालच्या सगळ्या भांडणासकट. तीन, तिथं संपादक म्हणून हाडामासाचा माणूस असायचा. तो चुकायचा, कंपूबाजी करायचा, पण त्याला जाब विचारता यायचा. आज फेसबुकनं पोस्ट उडवली तर जाब कुणाला विचारता?

मग एवढं चांगलं होतं तर तक्रार कशाची?

मी त्यातल्या एका ठिकाणी बरीच वर्षं 'वामा' होतो. वामा म्हणजे वाचनमात्र. वाचायचं, लिहायचं नाही. शेवटी एकदा धीर केला. मार्गशीर्षातली अमावस्या जवळ आली होती, म्हणून येळवशीवर लिहिलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लातूर, धाराशिव अन् आमच्या नांदेडचा हा भाग, इथं त्या दिवशी गावं ओस पडतात. सगळे रानात. कडब्याची कोप करायची, आत पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, अंबील. ज्याचं रान नाही त्यालाही बोलावून जेवू घालायचं. मी लिहिताना जसं बोलतो तसं लिहिलं. 'कोप', 'येळवस', 'लेकरं हुंदडतेत', असं.

पहिला प्रतिसाद आला: "मूळ शब्द 'वेळ अमावस्या' असा आहे, कृपया सुधारावा." दुसरा: "अनुभव चांगला, पण शुद्धलेखनाकडे लक्ष द्या." तिसरा: "हुंदडतेत नव्हे, हुंदडतात." चौथ्यानं हसरं तोंड काढून लिहिलं, "मकरंद अनासपुरेंच्या आवाजात वाचलं." सणावर एकानंही विचारलं नाही. रानातच का, पांडव कुठून आले, ज्याचं रान नाही त्याला बोलावतात ते कसं, काही नाही. त्या लोकांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी मी पुन्हा वामा झालो तो कायमचा. अन् मला खात्री आहे, असा मी एकटा नाही.

आता त्या 'मूळ शब्दा'चं बघा. आमच्या शेजारी कर्नाटकात याच सुमाराच्या अमावस्येला 'एळ्ळ अमावास्ये' म्हणतात. कानडीत एळ्ळ म्हणजे तीळ. तिकडंही शेतात जाऊन जेवतात, रानात नैवेद्य शिंपडतात. मला तर सरळ दिसतं की आमच्या आज्या-पणज्यांची 'येळ' त्या एळ्ळच्या जवळची आहे, अन् 'वेळ' हे नंतर कुणीतरी केलेलं शुद्धीकरण आहे. म्हणजे दुरुस्त करणाऱ्यानं शब्द दुरुस्त केला नाही, त्याचा माग पुसला. कानडी अन् मराठी एका ताटात जेवत होत्या ही खूण त्या एका 'ये'मध्ये होती.

कुणी म्हणेल, नियम ते नियम. बरं. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा अन् १९७२ चे चार, असे अठरा नियम. माझा धंदाच टायपिंगचा, मला ते पाठ आहेत. त्यात 'असं, केलं' असं बोलल्याप्रमाणं लिहायलाही मुभा आहे. अन् एक नियम असाही आहे की केशवसुतांच्या आधीची कविता अन् विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य मुळात जसं आहे तसंच छापावं. म्हणजे मेलेल्या माणसाच्या मराठीला जशी आहे तशी राहायचा हक्क आहे. जित्या माणसाच्या मराठीनं मात्र तोंड धुऊन यायचं!

अन् हे कुणाला सांगायलात? ज्ञानेश्वर आपेगावचे. नामदेवांचं नरसी आमच्या शेजारच्या हिंगोलीत. जनाबाई गंगाखेडची. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी तर सोळाव्या-सतराव्या शतकात चाळीसेक फूट लांब कापडावर लिहून ठेवलं. पासोडी म्हणतात तिला, आजही अंबाजोगाईत आहे. फेसबुकच्या 'वॉल'च्या चारशे वर्षं आधी आमच्याकडं लिहायला कापडाची भिंत होती. त्या मुलखातल्या माणसानं 'हुंदडतेत' लिहिलं तर ती चूक, अन् पुण्यातल्या माणसानं 'सॉरी यार, बिझी होतो' लिहिलं तर ती आजची मराठी. हा कुठला न्याय?

मग आला व्हॉट्सॲप. मला आधी फार आनंद झाला. कारण ज्या माणसानं शाळा सोडल्यावर हातात पेन धरला नव्हता, तो लिहायला लागला. "काय करायलाव", "कवा यायलाव", "पाऊस हाय का तिकडं". कुणी दुरुस्त करणार नव्हतं. शेळीच्या आजारापासून नळाच्या पाण्यापर्यंत सगळं आपल्या बोलीत. दोन-तीन वर्षं खरंच बरं चाललं.

पण ती जागा लिहायसाठी बांधलेलीच नव्हती, ती ढकलण्यासाठी बांधलेली होती. लिहायला दहा मिनिटं लागतात, फॉरवर्डला एक बोट. बघता बघता सकाळी फुलं, दुपारी राजकारण, रात्री देव. अन् त्या मजकुराची भाषा बघितलीत का? "एका नामांकित डॉक्टरांनी सांगितले आहे." कोणत्या? "कृपया ही माहिती जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा." का? पु.ल. अन् कुसुमाग्रजांच्या नावावर त्यांनी जन्मात न लिहिलेलं खपतंय. गंमत म्हणजे ही भाषा एकदम शुद्ध! 'आहे', 'करावे', 'पोहोचवा'. ज्या शुद्धलेखनानं आम्हाला गप्प केलं तेच आता खोट्याला खरेपणा देतंय. आपल्या बोलीतलं गल्लीतल्या माणसाचं वाटतं, शुद्ध भाषेतलं मोठ्या माणसाचं. ही सवय आम्हाला कुणी लावली?

ही नुसती भाषेची कुरकुर नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज तेव्हा फोनाफोनांत फिरत होते. आठवडी बाजारात जमावानं त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं अन् ठेचून मारलं. त्या मेसेजचा लेखक कोण होता? कुणीच नाही. तेच तर त्याचं बळ. ज्यानं पुढं पाठवला तो म्हणतो मी लिहिला नाही, ज्यानं लिहिला तो सापडत नाही. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात फॉरवर्डवर पाच जणांची मर्यादा आणली. पाच माणसं गेल्यावर पाचची मर्यादा.

आता मला सांगा. त्याच बाजारातल्या एका माणसानं स्वतःच्या नावानं, गावाच्या नावासकट लिहिलं असतं, "मी बाजारात हाय, ही माणसं भिक्षेकरी हायेत, म्या त्यायच्याशी बोललो," तर काय झालं असतं मला माहीत नाही. पण नाव घालून लिहायची सवय असलेला माणूस खोटं ढकलताना निदान एकदा थांबतो, एवढं मी छोट्या संकेतस्थळांवर डोळ्यांनी बघितलंय. तिथं कुणी थाप मारली की खाली लगेच कुणीतरी धरायचा. टोपणनावालासुद्धा अब्रू होती.

दुसरं, जागा भाड्याची आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद. त्यावरच्या कम्युनिट्या, गप्पा, कॉलेजची भांडणं, सगळं गेलं. गूगल प्लस एप्रिल २०१९ ला. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० ला. 'आपल्या भाषेतलं' म्हणून गाजवलेलं कू जुलै २०२४ ला. २९ जून २०२० ला सरकारनं एकोणसाठ ॲप बंद केली, त्यात टिकटॉक होतं. त्या बंदीवर माझं वेगळं मत नाही. पण हेही खरं की आमच्या बोलीत बिनधास्त बोलणारी पोरं-पोरी पहिल्यांदा तिथंच दिसली. कडब्याच्या गंजीवर उभं राहून, "काहून रं" म्हणत. कुणी त्यांना हुंदडतेतचं हुंदडतात करायला लावलं नाही, अन् लाखो लोकांनी बघितलं. म्हणजे बोलीला वाचक नाही, ऐकणारे नाहीत, हे खोटं. एका रात्रीत ते गेलं अन् कुणी जपून ठेवलं नाही.

कुणी म्हणेल, जाऊ दे, गप्पाच तर होत्या. मग हे ऐका. २०२३ च्या सप्टेंबरात सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला. मोडीतली, उर्दूतली निजामकाळची कागदं निघाली. माझ्याच दुकानात रांगा लागल्या होत्या, झेरॉक्स, अर्ज, वंशावळ. आरक्षणावर तुमचं मत काहीही असो. पण विचार करा, शंभर वर्षांपूर्वी कुणा कारकुनानं बोरूनं लिहिलेली एक ओळ आज एखाद्या घराचं नशीब ठरवायली. अन् आपण स्वतः पाच वर्षांपूर्वी लिहिलेलं, मामांचं सोयाबीन, आपल्याला सापडंना. पुढच्या शंभर वर्षांनी कंधारच्या माणसाचं स्वतःच्या हातचं काय निघंल? गुड मॉर्निंग?

आता आपली चूक.

आपण दोन्ही जागांना शिव्या घालतो, पण तिसरी जागा करत नाही. पुण्या-मुंबईच्या लोकांनी अन् परदेशातल्या लोकांनी आम्हाला बोलावलं नाही हे खरं. पण त्यांनी निदान स्वतःचं अंगण बांधलं. आम्ही काय बांधलं? मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून उघडा आहे. कुणीही लिहावं. तिथं लिहायला गेलं की संदर्भ मागतात, अन् आपण रागावतो. पण संदर्भ येणार कुठून? संदर्भ म्हणजे आधी कुणीतरी लिहिलेलं. आपण लिहिलंच नाही तर पुढच्यानं दाखवायचं काय?

अन् हे आमच्या मातीला नवीन नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर परवानगी, छापायचं तर परवानगी. आ. कृ. वाघमारे यांनी १९३७ ला 'मराठवाडा' साप्ताहिक काढलं. निजाम सरकारनं बंदी घातली की ते दुसऱ्या नावानं निघायचं. परत बंदी, परत नवं नाव. मिसळपाववाल्यांच्या भाषेत सांगायचं तर निजामाच्या विरोधातला पहिला डुआयडी आमचा!

अन् कंधारबद्दल तर काय सांगावं. भाई केशवराव धोंडगे २०२३ च्या १ जानेवारीला गेले, शंभरी ओलांडून. त्यांचं राजकारण कुणाला पटो न पटो, माझंही सगळंच पटत नव्हतं. पण या माणसानं तालुक्याच्या गावातून 'जयक्रांती' साप्ताहिक चालवलं. विधानसभेत अन् लोकसभेत ते आपल्या ठसक्यात बोलले, भाषेला इस्त्री करून गेले नाहीत. अन् साहित्य संमेलनाच्या मांडवात ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्या गुराख्यांचं त्यांनी वेगळं साहित्य संमेलन भरवलं, गुराखीगडावर. गुराख्यांचं! आज 'छोट्या समूहासाठी सोशल नेटवर्क' म्हणतात ना, ते हेच. हातात मोबाईल नव्हता तेव्हा त्यांना ते सुचलं. आपल्या प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे अन् आपण त्याच्यावर दुसऱ्याची फुलं पाठवायलाव.

मला माहीत आहे, कमेंटमध्ये काय येणार. "मग काय, कुणीही कसंही लिहायचं का?" नाही. मी दिवसभर अर्ज टाइप करतो. मामा म्हणतेत, "साहेब, मह्या रानात पाणी घुसलंय, बांध फुटलाय." मी टाइप करतो, "अर्जदार सविनय सादर करतो की." तिथं प्रमाण भाषा लागते, कारण तो कागद मुंबईपर्यंत जायचा असतो अन् तिथं सगळ्यांना एकच समजलं पाहिजे. शाळेत ती शिकवलीच पाहिजे, आमच्या लेकरांना तर जास्तच चांगली शिकवली पाहिजे. पण प्रमाण भाषा रस्त्यासारखी आहे, सगळ्यांनी त्यावरून जावं म्हणून केलेली. तिला टोलनाका कुणी केलं? नवीन माणसाच्या पहिल्या लेखावर पहिला प्रतिसाद ऱ्हस्व-दीर्घाचा देणारा माणूस भाषा वाचवत नाही, गिऱ्हाईक हाकलतो. त्यानं आधी विचारावं, "कोप कशी बांधतात?" ऱ्हस्व-दीर्घ चौथ्या लेखाला सांगावं. माणूस टिकला तर चुका आपोआप कमी होतात. चुका सांगून माणूस टिकल्याचं मी बघितलं नाही.

दुसरी कमेंट येणार: "तुम्ही स्वतः फेसबुकवरच लिहायलाव की." खरं आहे. भाड्याच्या जागेत उभं राहून भाड्याच्या जागेला शिव्या घालायलाव. पण ही पोस्ट आधी माझ्या कॉम्प्युटरवर लिहिली आहे, युनिकोडमध्ये, तारीख घालून. प्रिंट काढून फाईलला लावली आहे. उद्या हे दुकान बंद पडलं तरी माझं लिहिलेलं माझ्याकडं राहील.

म्हणून माझ्या मागण्या, लहान आहेत.

मायबोली, मिसळपाव अन् जी कुणी संकेतस्थळं अजून तग धरून आहेत त्यांना: तुमच्याकडं जी शिस्त आहे ती आम्हाला हवी आहे, खोटं नाही. पण दारावर एक पाटी लावा की इथं मराठवाडी, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी जशी बोलता तशी लिहा. अन् ती पाटी संपादकांनी पाळून दाखवा. तुमचे जुने लिहिणारे थकले, फेसबुकवर गेले. नवीन माणूस तुम्हाला आता आमच्याकडूनच मिळणार आहे.

गावच्या ग्रुप ॲडमिनला: आठवड्यातला एक दिवस फॉरवर्ड बंद. त्या दिवशी फक्त स्वतः लिहिलेलं. खाली नाव, गाव, तारीख. पाऊस किती झाला, कोणतं बी उगवलं, आजीनं सांगितलेली एखादी म्हण, काहीही. महिन्याच्या शेवटी एका पोरानं ते सगळं एका फाईलमध्ये उतरवून घ्यायचं, अन् एक प्रिंट ग्रामपंचायतीच्या नाहीतर शाळेच्या कपाटात. खर्च चहापेक्षा कमी. प्रिंट मी फुकट काढून देईन, कंधार तालुक्यातल्या कोणत्याही गावाला. हे लिहून देतोय.

अन् शिकलेल्या पोरांना: घरात म्हातारं माणूस असंल तर त्याच्यापाशी बसा अन् तो बोलतो तसं लिहा. त्याचं 'हासतेत' हासतेतच राहू द्या. तुम्हाला लाज वाटत असंल तर ती तुमची आहे, त्याची नाही.

मामा परवा परत आले होते. मी त्यांना म्हणालो, म्हाताऱ्याचा मेसेज तर गेला, पण तुम्हाला जेवढं आठवतंय तेवढं सांगा, मी टाइप करतो. दोन तास बसले. मशीनचे फेरे, गोणपाट, थप्पी, शंभरातले सत्तर, सगळं सांगितलं. वर स्वतःचं दोन गोष्टीचं घातलं. अडीच पानं झाली. मी वाचून दाखवलं, त्यांच्याच बोलीत. ते जरा वेळ गप्प बसले अन् म्हणाले, "ह्याच्याखाली मह्या नावाच्या आधी त्याचं नाव टाका." टाकलं.

ही पोस्ट पटली तर कृपा करून शेअर करू नका, फॉरवर्ड तर बिलकुल नका. खाली कमेंटमध्ये तुमच्या गावचा एक शब्द लिहा, जो तुम्हाला कुणीतरी कधीतरी 'दुरुस्त' करायला लावला होता. शब्द, अर्थ, गाव. मी सगळे उतरवून घेणार आहे.

माझा शब्द: येळवस. अर्थ वर सांगितलाय. तालुका कंधार.